रेघ कुणाची?

अम्मीला फोटोची हौस नव्हती. ती गेल्यावर शोधाशोध केली, तर अब्बांच्या पेटीत बटरपेपरमध्ये गुंडाळलेली काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हची एक पट्टी सापडली. तीत अम्मी होती. कागदावरचा फोटो वाळवीने केव्हाच खाल्ला होता.

भाच्याने फिल्म स्कॅन करणारा फ्लॅटबेड स्कॅनर आणून दिला. पहिल्या खेपेला पडद्यावर नुसता काळोख! कागदावर उजेड खालून पडून परत येतो. फिल्ममधून मात्र तो आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणातही दिवा असतो. कागदासाठी लावलेली झाकणातली पांढरी पाटी मी काढलीच नव्हती. ती काढली आणि अम्मी दिसली. पण तिच्या गालावरून एक सरळ, बारीक काळी रेघ गेली होती.

‘‘मामू, फिल्मलाच ओरखडा आहे,’’ भाचा म्हणाला. मी ओलं फडकं घेऊन पट्टी पुसायला बसलो. तेवढ्यात बायको म्हणाली, ‘‘आधी पट्टी दुसऱ्या खाचेत लावून बघा की!’’

शेजारच्या खाचेत लावली, तर अम्मीचा चेहरा स्वच्छ! पहिल्या खाचेत दुसरी पट्टी लावली, तर त्याच जागी तीच रेघ. मंडळी, एवढी एकच परीक्षा लक्षात ठेवा. रेघ चित्राबरोबर सरकली तर दोष फिल्मचा; जागेवरच राहिली तर यंत्राचा.

यंत्रात ती येते कशी? बऱ्याच स्कॅनरांत फिल्मच्या चौकटीच्या टोकाला एक मोकळी खिडकी असते. काम सुरू करण्यापूर्वी यंत्र तिथून दिव्याचा उजेड मोजून घेतं. तिथे धुळीचा कण असला, तर यंत्राला वाटतं, इथे दिवाच मंद आहे. मग ते चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढ्या जागी भर घालत जातं आणि रेघ उमटते. म्हणून ती खिडकी आणि तिच्याखालची काच कायम मोकळी आणि स्वच्छ हवी. प्लग काढून, मऊ कोरड्या कापडाने पुसा. काचेवर पाणी शिंपडू नका, ते आत झिरपतं. फिल्म कडांनीच धरा. धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवा.

आणखी एक. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय काळ्या-पांढऱ्या फिल्मला लावू नका. तिच्यातली चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसू लागतं.

छापलेल्या कवितेत चूक दिसली की आम्ही कवी आधी छापखान्याला दोष देतो. इथे मी यंत्राला निर्दोष ठरवून अम्मीच्या फिल्मवर फडकं घेऊन बसलो होतो. ते फिरलं असतं, तर नसलेला ओरखडा खरोखरच पडला असता.

आता अम्मी संगणकात आहे. पट्टी मात्र पुन्हा अब्बांच्या पेटीतच ठेवली आहे. स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका. यंत्रं बदलतील, मूळ चेहरा तिथेच आहे.