दिवाळीनंतरचा अंक

करसल्लागारांच्या एका संघटनेचे मासिक मी गेली अकरा वर्षे संपादित करते आहे. 64 पाने, 3000 प्रती, दर महिन्याच्या 10 तारखेला टपालात. सवलतीच्या दराने अंक पाठवायचा तर परवान्यात टपालाची तारीख आणि कार्यालय दोन्ही ठरलेले असतात, त्यामुळे ही तारीख आम्हाला जिवापाड जपावी लागते. यंदा 10 नोव्हेंबरला पाडवा आहे.

संघटनेतल्या सहकाऱ्यांना वाटते की माझी खरी कसोटी दिवाळी विशेषांकाची. तसे नाही. विशेषांकासाठी सगळेच झटतात, लेखक आठवणीने लिहितात, जाहिरातीही येतात. अडतो तो त्याच्या पुढचा अंक. दिवाळीनंतरचा अंक दिवाळीआधीच छापून, बांधून ठेवावा लागतो, आणि हे शिकायला मला तीन वर्षे लागली. पहिल्या तिन्ही वर्षी तो डिसेंबरच्या तोंडावर सभासदांच्या हाती पडला होता.

मासिक चालते इंग्रजी महिन्यांवर, छापखाना चालतो तिथींवर. लक्ष्मीपूजन 2023 साली 12 नोव्हेंबरला होते, 2024 साली 1 नोव्हेंबरला, 2025 साली 21 ऑक्टोबरला. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला गेले. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांच्यातले एकोणीस-वीस दिवस मात्र तसेच राहतात. म्हणून नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की मी आधी दसरा शोधते आणि तिथून मागे मोजत जाते. आमच्या छापखान्याचे मालक पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "ताई, तुमचे फॉर्म दसऱ्याआधी येऊ द्यात. नंतर मशीनवर दिवाळी अंक चढले की मला शब्द देता येणार नाही."

त्यांचे बरोबरच होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी छपाईच्या वर्षाचा सगळा भार या काही आठवड्यांवर येऊन पडतो. त्यातही सलग दिवस मिळत नाहीत. आमचा छापखाना पुण्याच्या पेठांमध्ये आहे. अनंत चतुर्दशीला निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते आणि तोवर गठ्ठ्यांचा टेम्पो गल्लीबाहेर पडू शकत नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, झेंडूचे हार चढतात, मशीन विश्रांती घेते. त्या दिवशी मी पेढे घेऊन जाते. प्रुफे नेत नाही.

कागदाचा हिशोब तर श्रावणातच उरकावा लागतो. 23 बाय 36 इंचांच्या डबल डेमी कागदावर दोन्ही बाजू मिळून आमची 16 पाने बसतात. म्हणजे प्रतीमागे चार कागद, 3000 प्रतींना 12000, म्हणजेच 24 रिमे. 70 जीएसएमचे एक रीम 18.7 किलोचे, एका अंकाला साडेचारशे किलोच्या आसपास कागद लागतो, वाया जाणारा वेगळा. मी दोन अंकांचा एकदम घेऊन ठेवते. दसऱ्याच्या सुमारास एकाच छटेचा इतका कागद हव्या त्या दिवशी मिळेल, यावर विसंबून राहायची माझी तयारी नसते.

सर्वांत नाजूक प्रश्न मजकुराचा. आमच्या लेखकांचे लेखापरीक्षण अहवाल 30 सप्टेंबरला आणि त्यांवर आधारलेली विवरणपत्रे 31 ऑक्टोबरला भरायची असतात. छापखाना जेव्हा लेख मागतो, नेमके तेव्हाच लेखकाला जेवायलाही फुरसत नसते. म्हणून दोन्ही अंकांचे लेख मी ऑगस्टमध्ये, जुलैअखेरची विवरणपत्रांची गर्दी ओसरली की मागून घेते. पण करकायद्यावरचा ऑगस्टमधला लेख नोव्हेंबरपर्यंत ताजा राहील का? 2025 साली अहवालाची मुदत 30 सप्टेंबरवरून आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली. जुनी तारीख छापून सभासदाच्या हाती देणे मला अक्षम्य वाटते. तो त्या पानाच्या भरवशावर अशिलाला सल्ला देणार असतो.

यावर उपाय सापडला तो बाइंडिंगवाल्या काकांच्या टेबलाशी. आमच्या अंकाला मधोमध पिन मारतात, त्यामुळे 16 पानांचे चार फॉर्म एकात एक बसतात. सर्वांत आतल्या फॉर्मात 25 ते 40 ही पाने येतात, सर्वांत बाहेरच्यात 1 ते 8 आणि 57 ते 64. एके दिवशी काकांनी घडी घातलेला फॉर्म माझ्यापुढे उलगडून धरला आणि म्हणाले, "हा वरचा फॉर्म शेवटी आला तरी चालतंय की." आता निवाड्यांचे विवेचन, व्याख्यानांचे शब्दांकन, जुन्या सभासदांच्या मुलाखती असा न शिळा होणारा मजकूर आतल्या तीन फॉर्मांत जातो. हे फॉर्म दसऱ्याआधी छापून, घड्या घालून तयार असतात. मुदती, अधिसूचना, सभांच्या तारखा बाहेरच्या फॉर्मात. एवढा एकच फॉर्म दिवाळीच्या तोंडावर मशीनवर चढतो, आणि एका फॉर्मासाठी मालक जागा काढतात.

त्यांनाही घाई असतेच. वसुबारसेपासून कामगार गावाकडे निघतात. उत्तर भारतातले काही जण छठपूजा आटोपूनच परततात, म्हणजे पाडव्यानंतर आणखी आठवडा तरी जातो. घड्या घालणाऱ्या बायका वर्षभर उभ्या राहून आमचे अंक जुळवतात. त्यांची भाऊबीज आमच्या अंकापायी बुडावी असे मला कधीच वाटले नाही. यंदाचे गठ्ठे वसुबारसेआधी बांधून ठेवायचे, पत्त्यांची लेबले लावायची आणि 10 तारखेला आम्ही संपादक मंडळातल्या तिघांनी ते टपालात न्यायचे, असे ठरले आहे.

2027 साली लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे आणि विवरणपत्रांची मुदत भाऊबिजेच्या आसपास येते. लेखकांना पत्रे यंदापेक्षा पंधरा दिवस आधी, जुलैच्या मध्यालाच जायला हवीत.