पाय न टेकण्याच्या खेळाचा जमाखर्च

मोटरस्पोर्ट हा पैसेवाल्यांचा खेळ, हा समज बहुतेक ठिकाणी खराच आहे. मोटरसायकल ट्रायल्स मात्र त्याला अपवाद. ब्रिटनमध्ये हा खेळ शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि तिथे शेतकरी, सुतार, गॅरेजवाले, शाळकरी मुले रविवारी वीस-पंचवीस पौंडांत दिवसभराची स्पर्धा खेळून घरी जातात. हा खेळ ज्या कारणाने स्वस्त राहिला, त्याच कारणाने त्याच्याकडे पैसा फारसा फिरकत नाही.

खेळ थोडक्यात

इथे वेगाला महत्त्व नाही. ओढा, शेवाळलेले धोंडे, झाडांची मुळे यांतून दोऱ्या बांधून एक छोटी वाट आखलेली असते. तिला सेक्शन म्हणतात. स्वाराने ती पाय न टेकता पार करायची. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. पडला किंवा दोरीबाहेर गेला की पाच. हे गुण दंडाचे, म्हणून दिवसअखेर ज्याचे सर्वांत कमी तो जिंकतो. क्लबच्या साध्या ट्रायलमध्ये असे दहा सेक्शन आणि त्यांच्या चार फेऱ्या असू शकतात.

आता हिशेबाचा मुद्दा. प्रत्येक सेक्शनवर गुण लिहायला एक माणूस उभा लागतो. त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात.

प्रवेश फी कुठे जाते

वीस-पंचवीस पौंड म्हणजे साधारण अडीच-तीन हजार रुपये. त्यातला एक भाग १९०३ साली स्थापन झालेल्या ऑटो-सायकल युनियनकडे, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेकडे, परवान्यासाठी आणि विम्यासाठी जातो. मग जमिनीच्या मालकाला भाडे किंवा देणगी. उरलेल्यातून दोऱ्या, फलक, गुणपत्रिका, प्रथमोपचार, फिरते शौचालय. एवढे भागल्यावर काही शिल्लक राहिले तर चषक. क्लबच्या पातळीवर रोख बक्षिसाची अपेक्षा कोणी करत नाही.

या यादीत मजुरी नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ऑब्झर्व्हर फुकट उभे राहतात. फार तर सँडविच आणि पेट्रोलपुरते पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये किमान वेतन तासाला बारा पौंडांच्या वर आहे. दहा माणसांचे सात तास धरले, तर मजुरीच ८४० पौंड होते. साठ स्पर्धकांत वाटली तर माणशी चौदा पौंड, म्हणजे फी एकदम निम्म्याहून अधिक वाढेल. सेक्शन आखणारे, आदल्या दिवशी झुडपे तोडणारे, संध्याकाळी दोऱ्या गुंडाळणारे यात धरलेलेच नाहीत. ऑब्झर्व्हर मिळाले नाहीत तर काही क्लब स्पर्धकांनाच एकमेकांचे गुण लिहायला सांगतात. काम निभावते, पण पाय टेकला की नाही यावरचे वादही सोबत येतात.

गाडी आणि तिचा खुराक

नवी ट्रायल्स गाडी ब्रिटनमध्ये ढोबळमानाने सहा ते नऊ हजार पौंडांना पडते. गॅस गॅस, टीआरएस, मॉन्टेसा, शेर्को, बेटा ही त्यातली नावे. स्पेन, फ्रान्स आणि इटलीचा हा प्रांत. वजन सत्तर किलोच्या आसपास, इंजिन बहुधा २५० ते ३०० सीसीचे टू-स्ट्रोक, टाकी दोन-तीन लिटरची आणि सीट जवळजवळ नाहीच. एवढे पैसे देऊन बसायला जागा नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात समजावून सांगणे कठीण जाईल. म्हणून नवखे लोक तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेतात, आणि त्यात शहाणपणच आहे. इंजिन सतत कमाल फेऱ्यांवर पळत नसल्यामुळे जपून वापरलेल्या गाडीत बराच जीव उरलेला असतो.

रोजचा खर्च पेट्रोलचा नाही, मागच्या टायरचा आहे. आपल्या रस्त्यावरच्या बाइकला मागे तीसेक पीएसआय हवा लागते. ट्रायल्समध्ये ती चार-पाचवर आणतात, म्हणजे टायर दगडाला चिकटून बसतो. पकड येते ती टायरवरच्या रबरी ठोकळ्यांच्या धारेतून. धार बोथट झाली की काटकसरी स्वार टायर रिमवर उलटा चढवून दुसरी बाजू वापरतो, आणि तीही गेली की तो टायर सरावाला ठेवतो. बाकी ब्रेक पॅड, बेअरिंग, चेन यांना वाळू आणि पाणी खाते. गाडी धुऊन, एअर फिल्टर साफ करून, गिअर ऑइल वेळेवर बदलणाऱ्याचे निम्मे पैसे वाचतात. खरा मोठा खर्च असतो गाडी वाहून नेणाऱ्या व्हॅनचा आणि तिच्या डिझेलचा.

स्कॉटलंडचे सहा दिवस

सगळे गणित बदलते ते स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलमध्ये. १९०९ साली सुरू झालेली ही स्पर्धा मे महिन्याच्या सुरुवातीला फोर्ट विल्यम या गावाभोवती भरते. सहा दिवस, रोज तीसेक सेक्शन आणि त्यांच्या मधे रस्त्याने, माळरानाने मोठी मजल. स्वार पावणेतीनशेच्या आसपास, पण अर्ज त्याहून जास्त, म्हणून नावे सोडतीने निघतात. फी काहीशे पौंड असते, आणि एकूण खर्चात तीच लहान बाब ठरते. आठवडाभराची खोली, व्हॅन, जादा टायर, बुडालेली मजुरी हे सगळे वर. शिवाय रस्त्यावरून जायचे असल्याने गाडीची नोंदणी आणि विमा हवाच.

या स्पर्धेचे मोठे भांडवल म्हणजे जमीनमालकांची परवानगी. २००१ मध्ये ब्रिटनच्या गुराढोरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि स्पर्धा रद्द झाली. कितीही प्रायोजक असते तरी त्या वर्षी ती झाली नसती.

पैसा कोण लावतो

प्रायोजकांचे तीन थर दिसतात. वरच्या थरात कारखाने. १९५०च्या दशकात बीएसए, एरियल, रॉयल एनफील्ड यांचे स्वतःचे संघ होते, कारण रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानातून विकली जाई. सॅमी मिलरने १९६४ मध्ये एरियलवर स्कॉटिश जिंकली आणि पुढच्याच वर्षी स्पेनच्या बुलटाकोवर. त्याच्या हाताखाली घडलेली बुलटाको शेर्पा इतकी खपली की ब्रिटिश कंपन्यांच्या जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस संपले. माझ्या मते या खेळात प्रायोजकाने लावलेला सर्वांत किफायतशीर पैसा तोच. पुढे १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांनीही नामवंत स्वार करारबद्ध केले.

आज पूर्ण पगारी स्वार मोजकेच. स्पेनच्या टोनी बोऊने २००७ ते २०२४ या काळात दरवर्षी इनडोअर आणि आउटडोअर अशी दोन्ही जागतिक विजेतेपदे मिळवली, होंडाच्या गाडीवर आणि रेप्सॉल या तेल कंपनीच्या रंगांत. तरीही रस्त्यावर त्याला ओळखणारे लोक कमीच. कारण उघड आहे. डोंगरातल्या ट्रायलला फाटक नाही, तिकीट नाही. प्रेक्षक ओढ्याकाठी फुकट उभे असतात. प्रायोजकाला विकत घ्यायला जागाच नाही. म्हणूनच बार्सिलोनाच्या बंदिस्त स्टेडियममधली इनडोअर ट्रायल त्याला जास्त भावते: तिकीट, दिवे, कॅमेरा, फलक सगळे तिथे हाताशी असते.

मधल्या थरात आयातदार आणि दुकानदार. त्यांच्या मदतीला प्रायोजकत्व म्हणतात, पण रोख रक्कम क्वचितच हातात पडते. गाडी खरेदीभावात, सुटे भाग सवलतीत, जर्सीवर दुकानाचे नाव आणि हंगाम संपल्यावर गाडी विकून भरपाई, असा तो व्यवहार.

तिसरा थर घरचा. १९७५चा पहिला जगज्जेता मार्टिन लॅम्पकिन आणि पुढे सात वेळा आउटडोअर जगज्जेता झालेला डगी हे बापलेक. घरात गाडी, व्हॅन आणि जाणकार असला की खर्चाचा मोठा वाटा आधीच भागलेला असतो.

बुलेटची जुनी ओळख

महाराष्ट्रातल्या वाचकाला या खेळातली एक गाडी घरची वाटेल. रॉयल एनफील्डने मागे स्विंगआर्म सस्पेन्शन असलेली बुलेट १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका ट्रायलमध्येच पहिल्यांदा लोकांसमोर आणली. जॉनी ब्रिटनने बुलेटवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश जिंकली. त्या आठवणीवर कंपनीने २०१९ मध्ये भारतात बुलेट ट्रायल्स नावाची गाडी काढली. दिसायला झकास, पण वजन १८० किलोंच्या वर, म्हणजे स्पर्धेतल्या गाडीच्या अडीच पट. ती स्पर्धेसाठी नव्हतीच.

खरी ट्रायल्स गाडी भारतात आणायची तर १६०० सीसीपर्यंतच्या तयार मोटरसायकलींवर सीमा शुल्क लागते. २०२५च्या अर्थसंकल्पात ते ५० वरून ४० टक्क्यांवर आले. त्यावर इतर कर आणि वाहतूक. सह्याद्रीत दगडांना आणि ओढ्यांना तोटा नाही, अडते ते इथे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र या खेळात शिरायला गाडीही लागत नाही. जवळच्या क्लबला ऑब्झर्व्हर हवेच असतात. रेनकोट आणि पाण्याला दाद न देणारे बूट घेऊन रविवारी सकाळी हजर व्हा.