घिबली घ्यावी की डेटोना?

साठच्या दशकातल्या इटालियन गाड्या जमवणाऱ्यांत हा वाद हमखास रंगतो. घिबली मासेरातीची, डेटोना फेरारीची. मासेरातीचं मोडेना आणि फेरारीचं मारानेल्लो, मध्ये जेमतेम वीस किलोमीटर. घिबली आखणारा जॉर्जेत्तो जुजारो आणि डेटोना आखणारा लिओनार्दो फिओराव्हांती, दोघांचाही जन्म १९३८चा. घिबली १९६६ साली तुरिनच्या प्रदर्शनात आली, डेटोना १९६८ साली पॅरिसच्या. तिचं कागदोपत्री नाव ३६५ जीटीबी/४. ‘डेटोना’ हे १९६७च्या डेटोना शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यावरून रूढ झालेलं.

दिसायला घिबली सरस, हे माझं ठाम मत. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं नाही, तेलाची टाकी वेगळी. त्यामुळे आठ सिलिंडरचं ते धूड खाली बसवता आलं आणि बॉनेट सपाट, लांबलचक झालं. मागचा अॅक्सल मात्र अखंड, मालट्रकसारखा पाट्यांवर टेकलेला. रस्ता खराब लागला की शेपूट उडतं.

डेटोनाने ही उणीव मुळातच निकालात काढली, आणि खरी गंमत इथे आहे. बारा सिलिंडर, सहा वेबर कार्ब्युरेटर, ३५२ अश्वशक्तीचं इंजिन पुढे. गिअरबॉक्स मात्र मागे, डिफरन्शियलला जोडलेला. दोघांना सांधणारी पोलादी नळी, तिच्या आत इंजिनाच्याच वेगाने फिरणारा शाफ्ट. वजन पुढे-मागे वाटलं जातं, गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी चालते. पण मागे पडलेल्या त्या गिअरबॉक्सला इंजिनाची ऊब मिळत नाही. सकाळी तेल घट्ट असतं आणि दुसरा गिअर पडतच नाही. जाणकार जबरदस्ती करत नाहीत. तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसरा टाकतात. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच बजावा, इंजिन सुरू करून ठेवू नका. दुसरा गिअर थंडपणी अडला तर घाबरू नका, गरम झाल्यावरही खरखरला तर मात्र सावध व्हा.

पुढचा घोर पत्र्याचा. दोन्ही गाड्यांच्या पोलादी पत्र्याला गंजापासून संरक्षण असं फारसं नव्हतंच. नव्या रंगाचा झगमगाट पाहून भुलू नये. गाडी रॅम्पवर चढवून उंबरे आणि चाकांच्या कमानी आतून तपासाव्यात. डेटोनाच्या बाबतीत आणखी एक धोका: कारखान्याने उघड्या टपाच्या गाड्या १२२च केल्या, पण त्यांचे भाव चढल्यावर अनेकांनी बंद गाड्यांची छपरं कापली. चांगल्या गाड्यांची ती नासाडी पाहून आजही जीव हळहळतो. चॅसिस क्रमांक जुळवल्याशिवाय बोलीच करू नये.

घिबली डेटोनापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, तिथेच हौशी माणूस फसतो. चार कॅमशाफ्टचं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं तर मेकॅनिक गाडीची किंमत पाहून मजुरी लावत नाही, आणि आतल्या सजावटीचे बारीकसारीक भाग शोधण्यात महिने जातात. तरीही लांबच्या प्रवासाला मी घिबलीच निवडेन. फक्त खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवेन.