दूधच नसेल तर विरजण काय करील?

रोग पसरवणारे जिवाणू आणि विषाणू तुमच्या परिचयाचे आहेत. पण ज्यात जीव नाही, जनुकेही नाहीत, असे नुसते एक प्रथिन रोग पसरवू शकेल का? अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ साली 'होय' असे उत्तर दिले आणि अशा प्रथिनाला 'प्रायॉन' हे नाव दिले. पुष्कळांनी विरोध केला. पण १९९७ साली याच कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंढ्यांचा स्क्रेपी, गाईंचा 'मॅड काऊ' आणि माणसांचा क्रॉइट्सफेल्ट-याकोब हे प्रायॉनमुळे होणारे रोग. त्यांत मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात आणि रोगी दगावतो.

हे घडते कसे? आपल्या मज्जापेशींवर एक निरुपद्रवी प्रथिन असते. त्याचीच चुकीची घडी पडली की प्रायॉन होतो, आणि तो शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखेच करून टाकतो. चमचाभर विरजण पातेलेभर दुधाचे दही करते ना, तसेच! मात्र विरजणातील जिवाणू सजीव असतात, प्रायॉन निर्जीव असतो, हा फरक ध्यानात ठेवा.

प्रायॉन उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मग उपाय काय? विरजण काढता येत नसेल, तर दूधच काढून घेतले तर?

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने ते चांगले प्रथिन बनवणारे जनुकच नसलेले उंदीर तयार केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना प्रायॉन टोचले. साधे उंदीर मेले. हे ठणठणीत राहिले.

रोगामुळे मेंदूच्या ऊतींत होणारे बदल तपासणारे आद्रियानो आगुत्झी हेही झुरिकचेच. त्यांनी व सहकाऱ्यांनी अशा उंदरांच्या मेंदूत ते प्रथिन भरपूर बनवणाऱ्या उंदराच्या मज्जाऊतीचे कलम केले आणि प्रायॉन टोचले. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: कलम झिजले, पण प्रायॉन पसरूनही भोवतालच्या पेशी शाबूत राहिल्या. म्हणजे पेशीजवळ स्वतःचे प्रथिन नसेल, तर प्रायॉन तिचे काही बिघडवू शकत नाही!

२००३ साली लंडनमध्ये जोव्हाना मालुची व सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. रोगाची लागण झालेल्या उंदरांच्या मज्जापेशींतील प्रथिनाची निर्मिती त्यांनी मध्येच थांबवली. मेंदूला नुकतीच पडू लागलेली छिद्रे चक्क भरून आली.

माणसांचे काय? २०१८ पासून लंडनमध्ये सहा रुग्णांना त्या प्रथिनाला झाकून टाकणारे प्रतिपिंड देण्यात आले. २०२२ साली अहवाल आला. औषध मेंदूपर्यंत पोचले होते, पण एकही रुग्ण वाचला नाही. त्यांना रोगाची लक्षणे आधीच जडलेली होती, आणि मेलेली मज्जापेशी परत येत नाही.

म्हणून संशोधकांपुढे दोन कामे आहेत: प्रथिन कमी करणारे औषध शोधणे आणि रोग फार आधी ओळखणे. दह्याचे पुन्हा दूध करता येत नाही; दूध वेळेवर बाजूला काढावे लागते.