पुणेरी पलटण : खेळ मातीतला, मालकी कुणाची ?



दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की आपल्या भागात गावोगाव कबड्डीचे सामने रंगतात. वर्गणी गावाची, बक्षीस गावाचे, खेळणारी पोरंही गावचीच. टी.व्ही.वर दिसणाऱ्या कबड्डीचा हिशेब मात्र निराळा आहे. तो कसा, हे आपल्या राज्यातील पुणेरी पलटण या संघावरून समजावून घेऊ.

हा खेळ आपल्याला काही नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले होते. त्यात पैसा आला तो २०१४ साली, प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर. आठ संघांपैकी महाराष्ट्राचे दोन : यू मुंबा आणि पुणेरी पलटण. पलटणची मालकी इन्शुरकोट स्पोर्ट्स या खाजगी कंपनीकडे. खेळाडू लिलावात बोली लावून घेतले जातात, आणि एका संघाने किती खर्च करावा याला मर्यादा असते.

पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाला, म्हणजे आठात आठवी. २०१६ साली दोन हंगाम झाले. तेव्हा मनजीत छिल्लरला कर्णधार करून संघाने दोन्ही वेळा तिसरा क्रमांक मिळविला. पण पुढची काही वर्षे नावाजलेले गडी विकत घेऊनही चषक काही हाती लागेना.

मग संघाने तरुण पोरं स्वतः घडविण्यावर जोर दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर दरवर्षी विकतचे बेणे आणण्यापेक्षा स्वतःचा बेणेमळा केला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा अशाच योजनेतून पुढे आला. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली, पण मुंबईत जयपूरकडून ३३-२९ ने हरली. पुढच्या हंगामात अस्लम कर्णधार, बी. सी. रमेश प्रशिक्षक. शिवाय इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. एकूण मर्यादा ५ कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एकाच गड्यावर ! पण पकडी त्याने तशाच केल्या. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटण विजेती झाली. २०२५ साली पुन्हा अंतिम फेरी गाठली, तेव्हा दिल्लीने ३१-२८ ने मात केली.

आता मालकीचा मुद्दा. पलटण हरली तर पुणेकर हळहळतो, पण उद्या संघ विकायचा ठरला तर त्याला कोण विचारणार ? भागभांडवल त्याचे थोडेच आहे !

अमेरिकेत याहून वेगळा एक नमुना आहे. तिथला फुटबॉल पायाने कमी नि हातानेच जास्त खेळतात. चेंडू घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचे नि त्याने धरून आडवे करायचे, आपल्या चढाई-पकडीसारखेच. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे म्हणून सुमारे एक लाख वस्तीचे गाव आहे. तिथला पॅकर्स हा संघ १९१९ साली निघाला. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने पोशाखाला पैसे दिले, त्यावरून हे नाव. पुढे पैशाची ओढाताण झाली, तेव्हा १९२३ साली गावाने पाच-पाच डॉलरचे शेअर घेऊन संघ वाचविला. आज भागधारक पाच लाखांवर आहेत. त्यांची वार्षिक सभा भरते, संचालक निवडले जातात. मत मात्र शेअरगणिक आहे, आपल्यासारखे एक सभासद एक मत नव्हे. म्हणून एकाने किती शेअर धरावेत यावर मर्यादा घातली आहे. लाभांश एक पैसाही नाही, आणि शेअर नफ्याने विकताही येत नाही. तरीही २०२१-२२ मध्ये ३०० डॉलरप्रमाणे लोकांनी ते घेतले. या संघाने १३ अजिंक्यपदे मिळविली. तेवढी त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाचीच नाहीत.

सगळ्यात हुशारीचे कलम पुढेच आहे. संघ कधी विकलाच तर पैसा भागधारकांना मिळत नाही, तो धर्मादाय कामाला जातो. विकण्यात कोणाचाच फायदा नाही. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या संघांनी गावे बदलली, पण पॅकर्स ग्रीन बे सोडून गेला नाही.