हा आकडा कुणाचा? वादग्रस्त पुस्तक सोर्स म्हणून वापरताना

मागच्या भागात मी बिनधास्त सांगून टाकलं होतं, "महायुद्ध संपल्यावर पोलंडमध्ये पंधराशे ज्यूंना मारलं." एका श्रोत्याने विचारलं, "हा आकडा कुणाचा?" आणि माझी बोलतीच बंद झाली. म्हणून आजचा भाग.

आधी पक्कं काय ते बघू. ४ जुलै १९४६, किएल्त्से शहर. ज्यूंनी एका लहान मुलाला प्लांटी रस्त्यावरच्या ७ नंबरच्या इमारतीत, तळघरात कोंडलं होतं अशी अफवा पसरली. त्या इमारतीला तळघरच नव्हतं! तरी हल्ला झाला, आणि त्यात सैनिक आणि पोलिसही सामील होते. सुमारे ४० ज्यूंचा जीव गेला. हिटलरच्या तावडीतून वाचलेली माणसं होती ही.

हे घडलं, यावर दुमत नाही. भांडण आहे ते 'का' आणि देशभरात 'एकूण किती' यावर.

यान ग्रॉस 'फिअर' (२००६) मध्ये म्हणतात, युद्धात ज्यूंची घरं, मालमत्ता शेजाऱ्यांकडे गेली होती. मालक जिवंत परतले आणि त्या भीतीतून हिंसा झाली. मारेक यान खोदाकेविच 'आफ्टर द होलोकॉस्ट' (२००३) मध्ये बराचसा हिंसाचार कम्युनिस्ट राजवट आणि तिचे विरोधक यांच्या संघर्षात बसवतात. ग्रॉसवर टीका होते की ते सगळ्या समाजालाच एका मापाने मोजतात. खोदाकेविचवर, की राजकारण पुढे करून ते ज्यूद्वेष झाकतात.

आता आकडे. डेव्हिड एंगेल यांनी सप्टेंबर १९४४ ते सप्टेंबर १९४६ मधले किमान ३२७ मृत्यू कागदपत्रांवरून मोजले. खोदाकेविचांचा अंदाज ४०० ते ७००, ग्रॉस यांचा ५०० ते १५००. आपल्या भाषेत, ३२७ म्हणजे लॉगमध्ये सापडलेल्या नोंदी; बाकीचे अंदाज लॉगमध्ये न आलेलंही धरतात. मी मात्र एका अंदाजाचं वरचं टोक उचलून 'फॅक्ट' म्हणून सांगितलं.

मग अशी पुस्तकं वापरायचीच नाहीत का? वापरायची, पण तीन गोष्टी पाळून.

एक, पुस्तक अख्खं गिळू नका. घटना, आकडा आणि कारण हे तिन्ही वेगवेगळे तपासा.

दोन, आकड्यासोबत लेखकाचं नाव आणि काळ सांगा.

तीन, दोन्ही बाजू ऐका, पण 'खरं मधे कुठेतरी असेल' म्हणून मोकळे होऊ नका. पुरावा बघा. किएल्त्सेची दंगल कम्युनिस्टांनी मुद्दाम घडवली, असं बरेच जण मानतात. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००४ मध्ये तपास बंद केला, तेव्हा त्याला पुरावा मिळालेला नव्हता.

एवढी काटेकोरी कशाला? कारण आपण आकडा फुगवला की 'हे सगळं खोटंच' म्हणणाऱ्याच्या हाती आपणच कोलीत देतो. आणि ३२७ हा आकडा लहान नाही.

मागच्या भागाच्या वर्णनात दुरुस्ती टाकली आहे. विचारणाऱ्या श्रोत्याला थँक्यू. भेटू पुढच्या भागात!