चौसष्ट डोकी, एक गणित

नवा महासंगणक सुरू झाला की त्याची बातमी आकड्यांनी सजलेली असते. सेकंदाला किती आकडेमोडी, किती कोटींचा खर्च, जगात कितवा क्रमांक. सोबत काळ्या कपाटांच्या रांगेचे छायाचित्र. त्या कपाटांमधल्या हजारो प्रोसेसरांना एकच काम वाटून कोण देते आणि त्यांची उत्तरे पुन्हा एकत्र कोण जुळवते, हा प्रश्न मात्र बातमीत सहसा नसतो. वास्तविक महासंगणकाचा उपयोग किती होणार हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात ऐंशीच्या दशकात झाली. तेव्हाचे महासंगणक म्हणजे प्रामुख्याने क्रे कंपनीची अतिवेगवान आणि अतिमहाग यंत्रे. ती विकताना अमेरिका अटी घालत असे आणि अधिक ताकदीचे यंत्र भारताला द्यायला तिने नकार दिला. एक अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र राबवावेत, या विचाराने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ तयार झाला. १९८८ साली पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ लोकांसमोर आला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ही त्याच सुमारास आकाराला आला.

‘परम ८०००’चा कणा होता ट्रान्स्प्युटर, ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा प्रोसेसर. त्याच्या अंगावरच चार जोडण्या होत्या. त्यामुळे प्रत्येक ट्रान्स्प्युटर चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शकत असे. त्याच्यासाठी ‘ऑकम’ नावाची खास भाषा होती. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या सिद्धांताच्या आधारे डेव्हिड मे यांनी ती रचली. या भाषेत पुढची कामे एकामागून एक करायची की एकाच वेळी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे लागे. सी-डॅकने या यंत्रासाठी ‘पारस’ नावाचे सॉफ्टवेअर बांधले. पारस म्हणजे आपला परीस. यंत्र जर लोखंड असेल तर नाव अगदी योग्य म्हणायला हवे.

आता काम वाटायचे म्हणजे काय करायचे, ते हवामानाच्या उदाहरणाने पाहू. नकाशावर चौकटींची जाळी आखली आहे आणि प्रत्येक बिंदूचे तापमान, दाब, वारा पुढच्या काही मिनिटांसाठी मोजायचा आहे, असे समजू. जाळीचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला दिला. पण कोल्हापूरची हवा बेळगावच्या हवेशी बांधलेली असते. तुकड्याच्या कडेवरचा बिंदू मोजायला शेजारच्या तुकड्यातला आकडा लागतो आणि तो शेजाऱ्याकडून मागवावा लागतो. १०० गुणिले १०० बिंदूंच्या तुकड्यात १०,००० बिंदू असतात, त्यांतले कडेचे ३९६, म्हणजे चार टक्के. वेग वाढवण्यासाठी अधिक प्रोसेसर लावून तुकडा १० गुणिले १० केला, तर १०० पैकी ३६ बिंदू कडेचे होतात. काम कमी, निरोपांची ये-जा जास्त.

दुसरी मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवली होती. कोणत्याही कामाचा काही भाग वाटताच येत नाही. पंगतीला वाढपी कितीही वाढवले तरी भात शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. शंभरातला फक्त पाच टक्के भाग असा न वाटता येणारा असेल, तर ६४ प्रोसेसर लावून वेग १५ पटींच्या थोडा पुढे जातो. हजार लावले तरी वीस पट गाठत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याची खरी लढाई त्या पाच टक्क्यांशी असते.

यातून पुढची अडचण येते. इतक्या कष्टाने वाटलेले काम एका विशिष्ट यंत्राच्या जोडण्यांना चिकटवून लिहिले आणि ते यंत्रच बाजारातून गेले तर? ट्रान्स्प्युटरचे तेच झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मागे पडला. ‘परम’च्या पुढच्या पिढ्यांनी वेगळे प्रोसेसर घेतले आणि १९९८ सालचा ‘परम १००००’ सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा राहिला. जगभर हेच चालले होते. प्रत्येक कंपनीची निरोप पाठवण्याची पद्धत निराळी, त्यामुळे यंत्र बदलले की प्रोग्राम नव्याने लिहिणे आले.

यावरचा उपाय म्हणजे एक करार. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या विल्यम्सबर्ग येथे या क्षेत्रातली मंडळी जमली. पुढे १९९३ मध्ये दर सहा आठवड्यांनी बैठका झाल्या. सुमारे ४० संस्थांचे ६० जण, त्यांत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्याही होत्या. १९९४ साली ‘मेसेज पासिंग इंटरफेस’, म्हणजे एमपीआय, हे मानक प्रसिद्ध झाले. ही नवी भाषा नव्हे. सी किंवा फोर्ट्रान या जुन्याच भाषांतून निरोप कसे धाडायचे आणि कसे घ्यायचे, याचे ते ठरलेले नियम आहेत. आज्ञा सव्वाशेच्या आसपास, पण सहा आल्या की काम सुरू होते: आरंभ करा, आपण एकूण किती जण ते विचारा, त्यांत माझा क्रमांक कोणता ते विचारा, पाठवा, घ्या, समाप्त करा. आर्गॉन प्रयोगशाळेने या नियमांवर चालणारे सॉफ्टवेअर मोफत दिले. त्याच १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ उभारला. बाजारातली यंत्रे, लिनक्स आणि एक करार एवढ्यावर समांतर संगणक बांधता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

करार झाला तरी चुका संपत नाहीत. एक चूक अगदी लखनवी थाटाची आहे. पहिला प्रोसेसर दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहतो, दुसरा पहिल्याच्या. ‘आधी आपण’ म्हणत दोघेही थांबून राहतात आणि सगळे काम ठप्प होते. दुसरी चूक कधी दिसते, कधी नाही, कारण कोणाचा निरोप आधी पोहोचला यावर ती अवलंबून असते. शोधायला बसावे तर तपासणीमुळेच वेळा बदलतात आणि चूक लपते. म्हणून हजारो प्रक्रिया एकाच वेळी थांबवून आत डोकावणारी डीबगर साधने तयार झाली. कोण कधी राबत होता आणि कोण कधी नुसता बसून होता, याचा पट आखून दाखवणारी साधनेही तयार झाली. तिसरी गोष्ट चूक नव्हेच, पण चुकीसारखी दिसते. संगणक ठरावीक अंकांपर्यंतच संख्या ठेवतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. ६४ ऐवजी १२८ प्रोसेसरांवर तोच प्रोग्राम चालवला तर उत्तर किंचित वेगळे येऊ शकते. हा फरक निरुपद्रवी आहे की प्रोग्राममध्येच खोट आहे, हे ठरवायला यंत्र पुरत नाही, जाणकार माणूस लागतो.

हे सारे आज पुन्हा सांगायचे कारण हवामानाशीच जोडलेले आहे. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ यंत्रे सुरू झाली. त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ही सुरू झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. मे २०२५ पासून देशाचा अंदाज १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरच्या जाळीवर दिला जाऊ लागला. अंतर निम्मे केले की बिंदू चौपट होतात आणि काळाची पावलेही साधारण निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. ते वेळेत झाले नाही तर उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती येईल आणि पेरणीसाठी थांबलेल्या शेतकऱ्याला त्याचा काहीच उपयोग होणार नाही.

महासंगणक पाच-सात वर्षांत जुना होतो. त्यावर चालणारे हवामानाचे किंवा रेणूंचे प्रोग्राम मात्र दशकानुदशके जगतात आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. एमपीआयला तीस वर्षे उलटली तरी तो करार टिकून आहे. तेव्हा खर्चाचा हिशेब मांडताना कपाटांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: काम वाटण्याची विद्या जाणणारी किती माणसे आपण तयार केली? या विद्येचा आरंभ करायला महासंगणकही लागत नाही. मी स्वतः ती घरच्या संगणकावर, मोफत सॉफ्टवेअर उतरवून, चार प्रक्रियांमध्ये बेरजा वाटत शिकत आलो. आपल्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांत तसे संगणक पुष्कळ आहेत. त्यांवर त्या सहा आज्ञा शिकवायला सुरुवात झाली, तर पुढच्या यंत्राच्या बातमीत माणसांचा आकडाही छापता येईल.